आईच्या चेहऱ्यावरचे ठिपके

पूर्ण झालेल्या चित्रावर तो ब्लेड चालवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "अरे, अरे" म्हणत मी त्याचा हातच धरायला गेले. शाईनं काढलेलं सुंदर पान, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायका, मागे डांबराची पिंपं, आणि हा माणूस त्यावर ब्लेडच्या टोकानं खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, धूळ उडवतोय." आणि खरंच, खरवडलेल्या जागी धूळ उडालेली दिसली.

अमेरिकेत ॲन आर्बरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, तो वर आणि मी खाली. मूळचा नागपूरचा, विद्यापीठाच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पेशी पाहणारा. मध्ये काही वर्षं जपानमध्ये नोकरीला होता, तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या चित्रकाराकडे मांगा, म्हणजे तिथली चित्रकथा, काढायला शिकला. "दिवसभर ठिपके बघतो, घरी येऊन ठिपके चिकटवतो," असं स्वतःच सांगायचा.

हे ठिपक्यांचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. मांगा काळ्या शाईची. त्यात रंग नाही, करडी छटासुद्धा नाही. आधी फिकट निळ्या पेन्सिलीनं आखायचं, कारण ती छपाईत उमटत नाही. मग टाकानं रेषा, मग ब्रशनं काळं भरायचं. सावली हवी तिथे टोन लावायचा. टोन म्हणजे बारीक ठिपके छापलेला पारदर्शक, चिकट कागद. तो चित्रावर ठेवून कडेकडेनं कापायचा, नको तेवढा सोलून काढायचा, उरलेला घासून बसवायचा. लांबून पाहिलं की ठिपके दिसत नाहीत, नुसती सावली दिसते. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. मी तसं सुचवलं तर म्हणाला, तिथे चूक पुसता येते, मग माणूस बिनधास्त चुकतो.

सोललेले तुकडे त्याच्या कोपरांना, मोज्यांना, कुठेही चिकटलेले असायचे. एकदा भीमजयंतीच्या जेवणात त्याच्या भाताच्या डब्यावर असाच एक तुकडा निघाला. एका काकूंना ती बुरशी वाटली आणि त्यांनी अख्खा डबा गुपचूप मागे सारला. बिचारा घरी जाऊन दोन दिवस तोच भात खात होता.

ही सगळी पानं एका पुस्तकाची होती, आणि ते पुस्तक त्याच्या आईच्या आयुष्याचं. बाईनं उन्हातान्हात रस्त्यावर डांबर ओतून पोराला शिकवलं. तो ते वर्षानुवर्षं काढत होता. मला एकच गोष्ट खटकायची. सगळे चेहरे कोरे, पांढरे. त्या राबणाऱ्या आईचासुद्धा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पांढरं म्हणजे गोरं नाही, ताई. पांढरं म्हणजे रिकामं. वाचणारा भरून घेतो." मांगाची रीतच तशी, म्हणे. मलाही ते पटलं होतं.

मग एका उन्हाळ्यात आई आली. त्यानं टेबलावर पानं मांडली, मलाही बोलावलं. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे आम्ही दोघं उभे. माउलीनं चष्मा लावला. पिंपं ओळखली, टोपीवरून मुकादम ओळखला. मग एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे बाई कोण होय रे?"

"आई, तूच."

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. "मी कुठं एवढी गोरी होती? उन्हानं जळून गेली होती मी."

ती हसून म्हणाली, राग नव्हता. पण त्याचं तोंड उतरलं. एवढी वर्षं त्यानं आईला काढलं, आणि आईच्या जागी तिला भलतीच बाई दिसली. त्यानं पानं गोळा करून ठेवली.

आई परत गेल्यावर तो पुन्हा पहिल्या पानापासून बसला. प्रत्येक पानावर तिच्या चेहऱ्याएवढा टोन कापायचा, डोळे मोकळे ठेवायचे, आणि खालची रेघ दुखवायची नाही. मी विचारलं, बाकीच्यांचं काय? "मी, मुकादम, सगळे नंतर. आधी आई," तो म्हणाला. "एकदा तिनं मला न विचारता स्वतःला ओळखलं पाहिजे." पुढच्या उन्हाळ्यात पानं घेऊन नागपूरला जायचं ठरलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी चहा करत होते. तो खाली गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता, त्याचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. आवाज थांबला. मला वाटलं, झालं काम. चहा घेऊन खिडकीशी गेले तर तो गाडीशेजारी पडला होता, हातात खरवडणी तशीच. चाळिशीचा, धडधाकट माणूस. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं. माझा आजही विश्वास बसत नाही. वर पावलं वाजली की तोच आहे असं वाटतं.

उन्हाळ्यात पानं मीच नागपूरला नेली. आईनं पहिलं पान उचललं आणि लगेच म्हणाली, "हे मी होय." मला रडू आवरेना. ती मात्र शांतपणे पानं उलटत राहिली, प्रत्येक पानावर स्वतःला हात लावत.

शेवटच्या पानावर ती थांबली. खडीच्या ढिगावर एक लहान मुलगा बसला होता, चेहरा कोरा.

"हा तं माह्यापेक्षा काळा होता," ती म्हणाली. "याले काहून सोडलं?"

पांढरं म्हणजे काय, ते मला तिला सांगता आलं नाही.