सतराचा भागाकार

भोर-वेल्हे गाडीत बारा वर्षं एकाच सीटवर बसलं की किस्से आपोआप साठतात. मी रोज डायरी लिहितो, त्यामुळे माझ्याकडे ते तारीखवार आहेत. एक मात्र आजवर लिहिला नव्हता.

आम्ही तिघं. वाटेवरच्या शाळेतले तांबे गुरुजी, वेल्ह्याच्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या सुलभाताई आणि मी, कारकून. नाद एकच. मोठी संख्या घ्यायची आणि ती मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशाने तिला भाग जातो का, ते पाहायचं. भाजक तिघांत वाटून घ्यायचे, भागाकार हाताने करायचा, उरलेली बाकी माझ्या वहीत लिहायची.

कंडक्टरला एकदा मूळ संख्या समजावून सांगितली. तो म्हणाला, "म्हंजे आमच्या सासऱ्यावानी. सवता सोडून कुणालाच वाटा न्हाई."

गुरुजी एकदा भागाकाराच्या नादात शाळेचा थांबा चुकले. तीन किलोमीटर उलट चालत गेले. संध्याकाळी गाडीत चढताच म्हणाले, "चालताना पडताळापण झाला."

दुसऱ्या एका दिवशी ते मोबाईलवर भागताना सापडले. सुलभाताई म्हणाल्या, "गुरुजी, शाळंत पोरांना काय करता अशा वक्ताला? हात फुडं करा." गुरुजींनी खरंच हात पुढे केला. ताईंनी पट्टीऐवजी तिकीट मारलं.

मग ती संख्या आली. ३१ मूळ, ३३१ मूळ, ३३३१ही मूळ. तीन वाढवत वाढवत आम्ही आठ आकडी ३३३३३३३१ पर्यंत पोचलो. सातच्या सात मूळ! पुढची नऊ आकडी, ३३३३३३३३१. दोन हजारांवर भाजक. अडीच वर्षं लागली. कशानेच भाग गेला नाही. गुरुजींनी गाडीभर पेढे वाटले.

सुलभाताईंची प्राजक्ता भोरला कॉलेजात शिकते. तिने तिथल्या विज्ञान प्रदर्शनात या आठ संख्यांचा तक्ता लावला. बक्षीस मिळालं तर पुण्याच्या फेरीला जायचं, म्हणून तिने नवा ड्रेस शिवून घेतला होता. मीही बघायला गेलो होतो. परीक्षक तक्त्यासमोर थांबले, शेवटची संख्या पाहिली आणि खिशातलं पेन काढलं.

"हिला सतराने भाग जातोय, बाळ."

"नाही सर. सतराने काकांनी भागलंय. बाकी तीन उरते. काकांची वही कधीच चुकत नाही."

परीक्षकांनी कागदावर भागाकार मांडला. बाकी शून्य.

सतरा माझ्या वाट्याचा होता. त्या दिवशी गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. एवढ्या संख्या मूळ निघाल्या, हीही निघणारच, असं वाटलं. मागच्या पानावरून आठ आकडी संख्येची बाकी उतरवली, तीन. भागाकार केलाच नाही. त्यानंतर दोघांनी अडीच वर्षं प्रामाणिकपणे भागाकार केले.

प्राजक्ता मान खाली घालून उभी होती. मी शेजारच्या टेबलावरची पवनचक्की पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडीत सुलभाताई शेजारी येऊन बसल्या.

"दादा, पोरगी रातभर रडली. म्हणती, तक्त्यावर लिवताना माझाच एखादा तीन कमी-जास्त झाला असंल, काकांचं नाव उगाच खराब केलं. तुमी वहीत बघून सांगाल का तिचं कुठं चुकलं?"

मी म्हणालो, "बघतो."