आत्याने न मागितलेली परवानगी

माझी आत्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम करायची. अणुभट्टीच्या इमारतीत जायच्या दारापाशी काचेची खिडकी होती, तिच्यामागे ती बसायची. आत जाणाऱ्याच्या छातीवर बॅज लावलेला आहे का, खिशात मात्रा मोजायचं यंत्र आहे का आणि या वर्षात त्याच्या शरीराने एकूण किती किरणोत्सर्ग घेतला, म्हणजे त्याची मात्रा किती झाली, एवढं पाहूनच ती दार उघडायची. कामगारांनी तिचं नाव ‘कुलूप’ ठेवलं होतं. तिच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून ती त्यावर खूशही होती.

बाबा तिचे धाकटे भाऊ, तिथेच फिटर. दोघांचं लहानपणापासून गूळपीठ. बाबा तिला ‘तायडे’ म्हणायचे आणि खिडकीसमोर मुद्दाम दोन्ही हात वर करून उभे राहायचे.

“घे झडती, तायडे. आतून बोल्ट चोरून आणलाय.”

“अक्कल आण आधी कुठून तरी,” असं म्हणत ती दार उघडायची.

त्या वर्षी मोठा शटडाउन होता. अणुभट्टी बंद करून आतली दुरुस्ती चाललेली. एक अवजड झडप बदलायची होती आणि ती होती अगदी अडचणीत, दोन पाइपांच्या मधोमध. अशा जागी जेवढा वेळ उभं राहाल तेवढी मात्रा वाढते. म्हणून वर्कशॉपमध्ये हुबेहूब तशीच नकली झडप उभी केली होती आणि बाबा तिच्यावर कित्येक आठवडे सराव करत होते. शेवटी शेवटी तर डोळे मिटून. आई सांगते, जेवताना ताटाशेजारीसुद्धा त्यांची बोटं अदृश्य नट फिरवायची. “घास तरी सरळ तोंडात घाला, तिथे बोल्ट नाहीये,” असं ती म्हणायची.

कामाच्या दिवशी ते पांढरा पोशाख चढवून खिडकीशी आले. आत्याने आकडा पाहिला. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका गटाला हात द्यायला ते आत गेले होते आणि त्यात त्यांची मात्रा वाढून मर्यादेच्या रेघेला टेकली होती.

“तुला आत सोडता येणार नाही.”

बाबांना वाटलं, थट्टा आहे. “बरं, मग तू जा. पाना देतो.”

“नियम आहे. बाजूला हो, मागे लोक थांबलेत.”

बाजूला म्हणजे भिंतीपाशी. तिथे उभं राहून त्यांनी दुसऱ्या फिटरला आत जाताना पाहिलं. तो बिचारा सरावाला दोनदाच आलेला. काम त्याने केलं, पण चाचपडत. बाबांना लागला असता त्याच्या दुप्पट वेळ त्याला लागला आणि मात्राही तितकीच जास्त. तो मर्यादेच्या आतच राहिला, त्याला काही झालं नाही. पण त्याला फुकट घ्यावी लागलेली ती मात्रा बाबा कधी विसरले नाहीत.

महिन्याभराने त्यांनी बाहेरच्या पंपघरात बदली मागून घेतली. पुन्हा त्या दारापाशी गेले नाहीत. आत्याशी भांडलेही नाहीत. फक्त तिला ‘मॅडम’ म्हणू लागले. घरी आली की, “या मॅडम, बसा.” आत्या दर वेळी तेच सांगायची, “अरे, नियम होता.” बाबा मान डोलवायचे, “हो मॅडम, नियम होता.” आणि उठून आतल्या खोलीत जायचे.

मी लहानाची मोठी झाले ती हे ऐकतच. इंजिनिअर होऊन मीही याच क्षेत्रात आले, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात मला कळलं की मर्यादेच्या रेघा दोन असतात. एक नियामक मंडळाची, ती कुणीही ओलांडायची नाही. दुसरी तिच्या बरीच अलीकडे, केंद्राने आपल्यापुरती आखलेली. तिथे पोचलेल्या माणसाला थांबवायचं. पण त्याच्याच हातून काम लवकर होणार असेल, तर खिडकीवरच्या माणसाने सुरक्षा अधिकाऱ्याकडे शब्द टाकायचा. अधिकारी हिशेब तपासतो आणि लेखी परवानगी देतो. सगळ्यांची मिळून मात्रा कमीत कमी राहावी, यासाठीच ही सोय.

मी तडक आत्याकडे गेले. तिला निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती.

“बाबा कोणत्या रेघेशी होते?”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत राहिली.

“अलीकडच्या.”

“मग परवानगी का नाही मागितलीस? मिळाली असती!”

“मिळाली असती. दुसऱ्या कुणासाठी मागितलीही असती.” तिने टॉवेल पुन्हा उलगडला. “भाऊ होता गं. लोक म्हणाले असते, कुलूप घरच्यांसाठी बरं उघडतं.”

“बाबांना सांगितलंस हे?”

“त्याला वाटतं, नियमच तसा होता. तेवढं तरी राहू दे.”

मी हट्टाने तिला घेऊन घरी आले. बाबा ओट्याखाली वाकून नळाची चकती बदलत होते. अलीकडे त्यांचे हात थरथरतात, पण प्लंबरला बोलावू देत नाहीत. “या मॅडम,” ते आतूनच म्हणाले.

आत्या दारातच उभी राहिली. “त्या दिवशी परवानगी मागता आली असती. मी मागितली नाही. लोकांना घाबरले.”

बाबांचा पाना थांबला. “फोरमनने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मला.”

“तुला ठाऊक होतं?”

“नियमाचा राग कशाला येईल? नियमावर तर आयुष्य काढलं. तू स्वतःहून खरं सांगशील म्हणून वाट पाहिली. आलीस की तुझं आपलं, नियम होता, नियम होता.” ते ओट्याखालीच बोलत होते, चेहरा दिसत नव्हता. “तेव्हा म्हणाली असतीस, तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. शटडाउन काय, पुढच्या वर्षीही होता. आता काय करू मी या हातांचं?”

आत्याने ओट्यावरचा टॉर्च उचलला आणि त्यांच्याशेजारी खाली बसली. गुडघे कुरकुरले तिचे. पाना नटावर बसेना. निसटायचा, पुन्हा निसटायचा. तिने हात पुढे केला नाही, फक्त उजेड धरून ठेवला.

“जरा डावीकडे धरा, मॅडम,” बाबा म्हणाले आणि थबकले. टॉर्चच्या उजेडात त्यांचे ओठ हलताना दिसले. जुनी हाक तोंडात येऊ पाहत होती, हे मला दिसत होतं, आत्यालाही दिसलं असणार. पण इतक्या वर्षांत जीभ दुसरीकडेच वळली होती.

“डावीकडे,” एवढंच ते पुन्हा म्हणाले.

आत्याने टॉर्च डावीकडे धरला.