मुशीला दूध नसतं

डॉल्फिन आणि शार्क यांतला फरक मी डोंबिवलीच्या शाळेत दरवर्षी शिकवते. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो, शार्क कल्ल्यांनी. डॉल्फिनला हाडं असतात, शार्कच्या अंगात हाडांऐवजी कूर्चा. पुढचा मुद्दा मात्र मी मुलांनाच वाचायला लावते. डॉल्फिनची मादी पिल्लाला दूध पाजते, शार्कची पाजत नाही.

शार्क म्हणजे आपली मुशी. माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. कल्याणच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती, आणि मला मेलं दूधच येईना. डॉक्टर म्हणायचे, थेंबभर आलं तरी आणा, तिला तेच हवंय. माझ्या सासूबाई कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीण. बाळंतिणीला मुशी खाऊ घातली की दूध उतरतं, हे त्यांचं ठाम मत. रोज सकाळी मुशीच्या कालवणाचा डबा घेऊन हजर! आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"अहो आई, मुशीला स्वतःलाच दूध नसतं, ती मला कुठून देणार? त्यापेक्षा डॉल्फिन आणा, तिला तरी असतं!"

त्या चक्क हसल्या. डॉल्फिनला त्या गादा म्हणायच्या. "गाद्याला कोन खातं का गो? त्याचं पोर अंगावर पितं. जाल्यान गावला तरी आमी सोरून देतो. तू खा गुमान."

मी खाल्लं. रागारागाने, पण खाल्लं. लेकीसाठी वाट्टेल ते खाल्लं असतं.

अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला दूध आलं. इतकं आलं की ब्लाउज भिजला, छाती ठणकायला लागली. सासूबाई माझ्या छातीवर पंचा गच्च बांधत होत्या आणि रडत होत्या. "मीच आनलं गो हे. माज्या कालवनान आनलं. आता कोनाला पाजशील?"

दूध कधी कधी उशिरा येतं, त्यात मुशीचा काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मला तेव्हा सगळ्या जगाचा राग आला होता आणि हाताशी त्याच होत्या. मी तोंड फिरवलं.

त्यानंतर त्यांनी घरात मुशी आणली नाही. तीन वर्षांनी धाकटी जाऊ बाळंत झाली. तिने हौसेने मुशीचं कालवण मागितलं, तर म्हणाल्या, "माज्या हातचं नको गो."

मी तिथेच बसले होते. तेव्हाही बोलले नाही.