इंदूची घागर कुणी हलवायची नाही

किनवटहून कविताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "सर, इंदूताई गेल्या," एवढंच ती म्हणाली. अर्ध्या गालावरचा साबण तसाच वाळला. कविता ही इंदूच्या केंद्रात वाढलेली मुलगी, आता तेच केंद्र चालवते. इंदू माझ्याहून बरीच लहान. खरं तर माझ्या जाण्याचा फोन तिला जायला हवा होता. आयुष्यभर रांग सांभाळणाऱ्या या बाईनं रांग एकदाच मोडली, ती अशी.

गेल्या काही आठवड्यांत तिच्यावर बरंच छापून आलं. किनवटच्या जंगलातल्या वस्त्यांमधली मुलं तिनं कशी उभी केली, पदक घेतलेल्या तिच्या मुली कुठं कुठं पोचल्या... सगळं खरं. पण प्रत्येक लेखात एक वाक्य हटकून येतं : 'स्वतःच्या गावात मात्र त्यांनी हा उपक्रम अर्धवट सोडला होता.' हे वाक्य खोटं आहे. आणि ते माझं आहे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात समाजमंदिराला नवा रंग लागला होता आणि तिथं तरुणांसाठी पदकाचा उपक्रम आला होता. सेवा, हुन्नर, व्यायाम आणि पायी प्रवास अशी चार अंगं. चारही पुरी करणाऱ्याला कलेक्टरसाहेबांच्या हातून पदक मिळणार होतं. मी शाळेत मास्तर, घरचं किराणा दुकान, म्हणून केंद्रचालक झालो. या उपक्रमातली एक रीत मला फार आवडायची. सेवेचा दाखला कागदावर नसे. ज्यांची सेवा केली, त्यांच्यापैकी दोघांनी भरल्या समाजमंदिरात उभं राहून सांगायचं, "हिनं केलं, मला मिळालं." ते दोघं मात्र सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या वस्तीचे नकोत.

इंदू बौद्ध वस्तीतली. बारावी झालेली, तोंडानं फटकळ. तिनं तीन अंगं हसत पुरी केली. शिरूरहून लातूरपर्यंतची वाट चालून आली आणि मला म्हणाली, "सर, ह्याला प्रवास म्हणत्यात व्हय? माझी आई रोज पाण्याला एवढं चालती. तिला द्या की पदक." सेवेसाठी तिनं टँकर निवडला. तो दुष्काळच तसा होता. टँकर दिवसाआड यायचा आणि दोन रांगा लागायच्या. आमच्या गल्लीची आधी, वस्तीची नंतर, आणि नंतर म्हणजे गढूळ तळ. इंदूनं एका सकाळी टाकीपासून देवळापर्यंत चुन्याची एक रेघ ओढली आणि आपली चेपलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर तिच्यावर ठेवून बजावलं, "एकच रांग. जी घागर आधी आली ती आधी. बाई घरी गेली तरी तिची घागर जागा धरंल. रांगेतली घागर कुणी हलवायची न्हाई."

भांडणं झाली. कुणी तिची घागर लाथेनं उडवली, तिनं ती उचलून परत त्याच जागी ठेवली. घागरीला दुसरी चेप आली ती तेव्हाची. पण आठवड्याभरात सगळ्यांच्याच लक्षात आलं की शेवटच्या बाईलाही आता स्वच्छ पाणी मिळतंय. आमची तांब्याची घागर एकदा तिच्या घागरीला खेटून उभी राहिली. आईनं घरी येऊन ती चिंचेनं घासली, पुन्हा घासली आणि म्हणाली, "तांब्याला काय होत न्हाई रे. पण लोक काय म्हणतील?" आमच्या घरात रोज सकाळी शरणांची, म्हणजे आमच्या लिंगायत संतांची, वचनं म्हटली जायची. सगळी माणसं सारखी, हे मला तोंडपाठ होतं...

साक्षीच्या दिवशी समाजमंदिर खच्चून भरलं. मी खुर्चीवर. विचारलं, "इंदूच्या सेवेची साक्ष कोण देणार?" वस्तीतली माणसं उठायला लागली, पण त्यांची साक्ष चालणार नव्हती. आमच्या गल्लीकडून कुणी हललं नाही. बायका पदराशी चाळा करत होत्या. त्यांतच माझी आई. मग इंदू माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, तुमच्याबी घरी पाणी आलं की. तुम्ही उठा." सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "केंद्रचालकाला साक्ष देता येत नाही. तसा नियमच आहे."

असा नियम नव्हता. मी तो त्या क्षणी, त्या खुर्चीवर बसून केला. इंदूला ते कळलं. ती हसली आणि म्हणाली, "बरं सर. बसा." वर जिल्ह्याला कळवताना मी सांगितलं, पोरगी मधेच सोडून गेली. माझा तो नियम आमच्या केंद्रात परवापरवापर्यंत पाळत होते. खोटं किती टिकतं बघा.

पुढं ती किनवटला वसतिगृहावर नोकरीला लागली आणि तिथल्या समाजमंदिरात तिनं तोच उपक्रम सुरू केला. तिथं खुर्ची नव्हतीच. ती प्रत्येक पोराच्या साक्षीला उभी राहायची. मागच्या वर्षी मी धीर करून किनवटला गेलो. कवितानं चहा दिला. मी बसल्या बसल्या माफीचं बोलू लागलो, तर इंदूनं अडवलं. "हे बसून बोलायचं न्हाई सर. साक्ष उभ्यानं असती."

"मग उभा राहतो."

"हितं कोण ऐकून राहिलंय? ही कविता? तिला समदं ठावं हाय. जिथं बसला होता तिथं रहा उभं." आणि मग माझ्या गुडघ्यांकडं बघून म्हणाली, "लवकर रहा. गुडघे गेल्यावर सांगसाल, नियम हाय म्हणून."

मी वर्षभर लांबवलं. शेवटी तिची शोकसभाच आमच्या गावच्या त्या समाजमंदिरात आली. एक वक्ते म्हणाले, "इथं अर्धवट सोडलं, तरी पुढं त्यांनी..." मी उठलो. आताचा केंद्रचालक कानात कुजबुजला, "सर, बसा, तुम्हाला बीपी हाय." मी म्हणालो, "बीपी आहे म्हणूनच. इंदूनं टँकरची एक रांग केली. तिनं केलं, मला मिळालं. तिनं काही सोडलं नव्हतं, मी खोटं बोललो. आणि केंद्रचालकानं साक्ष द्यायची नाही हा नियम कुणाचाच नाही, तो आजपासून बंद." मागून आमच्याच गल्लीतला एक म्हातारा ओरडला, "आता मेलेलं मढं कशाला उकरता?" मी म्हणालो, "मढं नाही, साक्ष आहे. दुसरी तुम्ही द्या. पाणी तुम्हीही प्यालात." त्यानं नुसता हात झटकला. पण बायकांतून त्याचीच बायको उठली आणि म्हणाली, "हिनं केलं. मला मिळालं."

दोन साक्षी झाल्या. पदक आता कुणी देवो, न देवो.

कविता किनवटहून ती जर्मनची घागर घेऊन आली होती. इंदूनं सांगून ठेवलं होतं, ती गावच्या समाजमंदिरात ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी असू द्या. सभा संपल्यावर मी घरी गेलो, माळ्यावरची आईची तांब्याची घागर काढली, भरली, डोक्यावर घेणं जमेना म्हणून कडेवर घेऊन भर चौकातून गेलो आणि इंदूच्या घागरीला खेटून ठेवली. घासली नाही. दोन्ही तिथंच आहेत. आधी इंदूची, मागं आमची. ज्याला हलवायची असेल, त्यानं माझ्यासमोर येऊन हलवून दाखवावी.