तव्यावरची ज्वारी

माझ्या नवऱ्याने शेवटची बिअर लावली आणि त्याच आठवड्यात तो गेला. कोठीत पाण्याचा मोठा जार, त्याच्या बुचातून निघालेली बारीक नळी आणि नळीचं टोक शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात. आतलं आंबत असलं की त्या पाण्यात बुडबुडा येतो, सावकाश, एकेक. रिकाम्या घरात मला तो आवाज हवासा वाटायचा. त्याच्या जलदानविधीच्या सकाळी मात्र तो थांबावा असं वाटत होतं, आणि तो थांबत नव्हता.

तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. घरी बिअर करणाऱ्या काही जणांचा त्यांचा क्लब होता. कुणी डॉक्टर, कुणी वाळूजच्या कारखान्यातला इंजिनिअर. महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकांची बिअर चाखायची आणि नावं ठेवायची. पिण्याचा परवाना त्याच्याकडे रीतसर होता. करण्याचा नव्हता. तो कुणाकडेच नव्हता. घरी करायला तसा मिळतच नाही. हा विषय निघाला की ती सगळी शिकलेली माणसं आवाज खाली आणत. मग एका ब्रुअरीने क्लबला विचारलं: तुमच्यातल्या एकाची बिअर आमच्या टाकीत, आमच्या परवान्यावर करायची का? त्याची निवडली गेली, भाजलेली ज्वारी आणि मोसंबीची साल घातलेली. त्या संध्याकाळी तो चपला न काढताच स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आता उघडपणे होईल."

कृती त्याने त्यांना सांगितली. ब्रुअरीने नमुना केला, पण तो त्याला पटला नाही. काय कमी आहे हे त्यालाही सांगता येईना. तिथल्या ब्रुअर मुलीने एकदा मूळ चव घ्यायची, एवढंच उरलं होतं. बाहेरची बिअर त्यांच्या गेटमधून आत जात नाही, म्हणून ती आमच्याकडे येणार होती. हा जार तिच्यासाठी लावलेला होता. यानंतर दुसरा लागणार नव्हता.

ती विधीलाच आली, त्याच्या क्लबातल्या एका मित्राबरोबर, पांढरा पंजाबी ड्रेस घालून, बायकांच्या मागे बसली.

भन्तेजींनी पंचशील दिलं. मी ते मनापासून म्हणते, आणि मद्याबद्दलचं पाचवं शील मी कधी मोडलेलं नाही. त्याच्या बिअरचा मी फक्त वास घ्यायची. तो ग्लास माझ्या नाकाशी धरून विचारायचा, "काय म्हणतंय?" आणि मी सांगायची. पाचवं शील म्हणून झालं. सगळे हात जोडून शांत बसले. कोठीतून आवाज आला. गुडुप.

थोरल्या दिरांनी, दादांनी, डोळे उघडले. ते उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले. अर्धी नोकरी धाडी घालण्यात गेली. भावाच्या क्लबबद्दल त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा गुडुप. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जेवणं सुरू झाल्यावर मी ब्रुअरीतल्या त्या मुलीला खुणेनं कोठीत नेलं. स्टीलच्या पेल्यात थोडी काढली. पेला तिच्या हातात दिला. तेवढ्यात दारात दादा उभे.

"बाई, हे रसायन हाय," ते म्हणाले. "भट्टीवर धाड पडली की पंचनाम्यात आम्ही हेच लिहायचो."

"दादा, बिअर आहे."

"कायद्याला सांगा. ही कोण?"

"ब्रुअरीत असते. यांची बिअर तिथं करणार आहेत, परवान्यावर."

"मग तिथं करा की. इथं काय हाय?"

"चव इथं आहे," मी म्हणाले.

दादा तिच्याकडे वळले. "पोरी, नोकरी नकोशी झाली व्हय तुला?"

"नाही सर. म्हणून तर पटकन घेते."

आणि तिने घेतली. डोळे मिटून एक घोट, मग आणखी एक. बाहेर कुणीतरी वरण मागत होतं. "धूर आहे," ती हळू म्हणाली. "आमच्या नमुन्यात नव्हता. हा कशाचा, काकू?"

मी आठवून पाहत होते तोच दादांनी नळी ओढून काढली, जार उचलला आणि शेजारच्या मोरीत आडवा केला. आपटला नाही. शिंतोडे उडू नयेत असा हळूहळू रिकामा केला. मी त्यांचा हात धरला नाही. फेस जाळीवर चढून खाली गेला आणि वास घरभर झाला.

"काय नासलंय हो?" हॉलमधून एक बाई ओरडली.

"मोसंब्या," दादांनी तितक्याच मोठ्याने सांगितलं. वर बादलीभर पाणी ओतलं. मग ते मोरीतच, पाठमोरे, बराच वेळ उभे राहिले.

निघताना मुलीने चप्पल घालता घालता पुन्हा विचारलं. तोवर मला उमगलं होतं. ज्वारी तो माझ्या भाकरीच्या तव्यावर भाजायचा. लोखंडी, माझ्या आईकडचा, वर्षानुवर्षं भाकऱ्या होऊन काळा पडलेला. त्यावरून आमची भांडणं व्हायची, कारण दुसऱ्या दिवशी भाकरी करपल्यासारखी लागायची. ब्रुअरीला त्याने 'भाजलेली ज्वारी' एवढंच सांगितलं असणार. तव्याचंही काही सांगायचं असतं हे त्याच्या डोक्यात आलं नसेल.

"तवा द्याल?" ती म्हणाली.

"मी घेऊन येते."

ब्रुअरीच्या गेटवर वॉचमनने माझी पिशवी उघडली. तवा उलटा-सुलटा करून पाहिला. बाटली असती तर त्याने मला परत पाठवलं असतं. तव्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

ज्वारी मीच भाजली, त्यांच्या लॅबमधल्या शेगडीवर. काही आठवड्यांनी तिने नमुना तयार झाल्याचा फोन केला आणि मी पुन्हा गेले. तिने ग्लास पुढे केला. मी प्यायले नाही. नाकाशी धरला, आणि 'काय म्हणतंय' हे विचारणारं समोर कुणी नव्हतं, म्हणून मला सांगायला वेळ लागला. साल थोडी जास्त झाली होती. तेवढं मी सांगितलं.

घरी पोचते तोच दादांचा फोन.

"परवाना ब्रुअरीचाच ना?"

"हो, दादा."

 मग त्यांनी विचारलं, "वास तसाच आला का?"

"बराचसा," मी म्हणाले.