बर्फ लागलेले साडू

रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतच्या समुद्रात जन्माला आलेल्या समस्त मासळीला कुणाची धास्ती असेल, तर ती जाळ्याची नव्हे, माझ्या साडूंची. जाळ्यातून एखादा मासा निसटतो तरी. साडूंच्या अंगठ्याखालून निसटलेला मासा मी पाहिलेला नाही. सकाळी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ते बंदरावर उतरले, की कोळणी टोपल्या सावरून अशा बसतात, जसे आम्ही शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसायचो. साडू मासा लगेच उचलत नाहीत. आधी त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघतात, मग कल्ला उघडतात, मग अंगठा दाबतात आणि निकाल देतात. त्यांच्या शब्दकोशात शिवी एकच: 'बर्फ लागलेला', म्हणजे शिळा. ही शिवी त्यांनी हजारो माशांना दिली, दोन सरपंचांना दिली आणि मला पहिल्यांदा बघितल्यावर आमच्या सासऱ्यांच्या कानात माझ्याबद्दलही दिली असावी, असा माझा जुना वहीम आहे.

हे मी प्रेमाने लिहितो आहे असं कुणी समजू नये. साडू हे नातंच मुळी जळण्यासाठी निर्माण झालं आहे. एकाच घरच्या दोन मुलींशी दोघांनी लग्नं केली, की उरलेलं आयुष्य एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसून काढायचं. आमचं पारडं पहिल्या दिवसापासून वर, म्हणजे हलकं. सासरी जिताडा शिजला की त्याचं डोकं थोरल्या जावयाच्या ताटात पडायचं, आणि मी शेपटीकडचे काटे मोजत बसायचो. एकदा मी जिद्दीने, कुणाला न विचारता, एकटा जाऊन सुरमई आणली. बायकोने ती चिरायच्या आधी ताटात झाकून साडूंना दाखवून आणली. त्यांनी अंगठा दाबला आणि एवढंच म्हणाले, "हिने आपल्या दोघांपेक्षा जास्त प्रवास केलाय." त्यानंतर आमच्या घरी मासळी आणण्याचा माझा अधिकार गेला, तो गेलाच.

अशा माणसाने उतारवयात बर्फातलं जेवण सुरू करावं, ही बातमी ऐकून किनाऱ्यावरच्या माशांनी पेढे वाटले असतील. झालं असं, की आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे बायकोच्या ताई, लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेल्या. सहा महिन्यांसाठी गेल्या होत्या. लेकीची नोकरी, बाळाचे दात, बाळाचं पाळणाघर, असं करत दुसरा पावसाळा संपला तरी त्या तिकडेच. इकडे साडू एकटे. त्यांना मासा निवडता येतो, पण चुलीवर चढवता येत नाही. बायकोने ताईंना फोनवर शब्द दिला होता, की भाऊजींच्या पोटाची काळजी माझी. रोज चार पुडांचा डबा भरून ती पाठवायची, आणि रोज साडू तो दारातूनच परत करायचे. "जेवलो आत्ताच," म्हणायचे. सकाळी नऊ वाजता. बायको डोळे पुसत डबा उघडायची आणि मी तो संपवायचो. खोटं कशाला सांगू, साडू आमच्या पंगतीला येत नाहीत याचं मला बरंच वाटत होतं.

मग एक दिवस अलिबागहून येणाऱ्या सहा आसनी रिक्षात त्यांचं थर्माकोलचं खोकं आलं. मुंबईची कुठलीशी कंपनी, पथ्याचं जेवण शिजवून, गोठवून पाठवणारी. खोक्यात धुराचा बर्फ होता, ड्राय आइस म्हणतात तो. चौलच्या पुढे रस्त्यातल्या खड्ड्याने झाकण उडालं आणि असा पांढरा धूर निघाला, की एका बाईने खोक्याला नमस्कार केला आणि उरलेल्या पाच जणांनी चालत्या रिक्षातून उतरून घर गाठलं. रिक्षा त्यामुळे रोजच्यापेक्षा सात मिनिटं आधी पोहोचली.

गावाला महिनाभर दुसरा विषय नव्हता. इथून थर्माकोलात पापलेट मुंबईला जातं आणि मुंबईहून थर्माकोलात दुधी येतो, एका डब्याच्या पैशात कोळंबीचे दोन वाटे येतात, असं मी नाक्यावर घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतो. साडूंवर परिणाम शून्य. ते चष्मा लावून डब्यावरचा मजकूर पोथीसारखा मोठ्याने वाचत, प्रथिनं इतकी, मीठ इतकं, आणि मग 'किनवा खिचडी' नावाचा पदार्थ गंभीरपणे खात. किनवा म्हणजे काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या पोस्टमनच्या मते ते पक्ष्यांचं औषध होतं. एकदा डब्यात भाजलेला मासा निघाला. साडूंनी त्याच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "हा आपल्याच बंदरातला. मंगळवारी मी ह्याला नको म्हटलं होतं."

आणि दैव बघा, तीन महिन्यांत ह्या माणसाच्या पँटीला कमरेवर चुण्या पडल्या. साखर उतरली. जिना चढताना ते शीळ घालायला लागले. आमच्या घरी माझ्या ताटात भात दुसऱ्यांदा पडेनासा झाला आणि त्या जागी वाक्य पडू लागलं: "भाऊजी बघा." मी भाऊजींकडे बघत होतोच; दुसरं करत काय होतो.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो, तो त्यांना उघडं पाडायलाच. ते ओट्याशी उभे होते. मायक्रोवेव्हच्या मशीनमध्ये डबा गरगर फिरत होता आणि ते काचेतून त्याच्याकडे, ताईंच्या तव्याकडे बघावं तसं, बघत होते. मी विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा, परवडतं का हे?"

"नाही," ते म्हणाले. मशीन टिंग वाजलं. त्यांनी डबा काढला, बोटं भाजली, फुंकर घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण हा डबा परत द्यावा लागत नाही. तुमच्या घरचा डबा मी रिकामा कसा पाठवू? भरून द्यायला इथे आहे कोण?"

आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पण साडूंच्या ताठ्याला चिमूटभर साखर पुरणारी नव्हती. मी तसाच उठलो. रस्ताभर मला राग येत होता, आणि तो कुणाचा हे समजत नव्हतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि आयुष्यात जे वाक्य कधी तोंडातून काढलं नसतं ते काढलं. म्हटलं, "मला मासा कळत नाही. चला, तुम्ही निवडून द्या." साडूंनी माझा चेहरा न्याहाळला, अंगठा तेवढा दाबला नाही. बंदरावर त्यांनी ओळीने चार टोपल्या नापास केल्या. पाचवीतल्या जिताड्याचा कल्ला उघडायला गेले, तर ती कोळीण शांतपणे म्हणाली, "भाऊ, बर्फाचं जेवता तुमी, आनि माज्या माशाचा डोला काय बघता?" सगळं बंदर हसलं. साडूही हसले, आणि जिताडा घेतला. तो चांगला हातभर होता. मी म्हटलं, "एवढा आम्हा दोघांना संपायचा नाही. तुम्ही निवडलात, तुम्हीच निस्तरा." मासा त्यांचा, मसाला आमचा. त्यांना हिशेब पटला.

त्या दिवशी साडू आमच्याकडे जेवले. बायकोने जिताड्याचं डोकं क्षणभरही विचार न करता त्यांच्या ताटात वाढलं. मी शेपूट खाल्लं. उरलेलं कालवण तिने डब्यात घालून दिलं, आणि साडूंनी या वेळी डबा नेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, धुऊन पुसून, आणि जड. आत किनवा खिचडी होती, कडेला अजून बर्फ लागलेली. बायकोने ती देवापुढे ठेवायचीच बाकी ठेवली.

त्यानंतर दर रविवारी हेच चालू आहे. बंदर, अंगठा, जिताड्याचं डोकं, आणि सोमवारी बर्फाचा डबा. ती खिचडी, कुणाला सांगू नका, मला आवडू लागली आहे.

काल ताईंचा फोन आला. पाळणाघर मिळालं, माघी गणपतीला त्या कायमच्या परत येतायत. बायको घरभर नाचली. साडू तर सकाळपासून शिळेवर शीळ घालत फिरतायत. चांगलंच झालं. आता रविवारी ताई जिताडा शिजवतील, साडू आपल्या घरी आपल्या पाटावर बसतील, आणि आमचा डबा कधीमधी परत आला तर गरमागरम घावन भरून येईल. ताईंचं घावन पंचक्रोशीत नावाजलेलं आहे. मला ते फारसं आवडत नाही.