अक्षरांचं चैत्रांगण

चैत्र लागला की अंगणात चैत्रांगणाची रांगोळी काढायची. शंख, चक्र, गोपद्म, झोपाळा, बसलेली गौर. ठरलेली चित्रं, ठरल्या जागी. मला त्याचा कंटाळा होता. लग्न होऊन लोणावळ्याला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी, मी सासूबाईंना सांगून टाकलं, "यंदा रेघांऐवजी माझ्या कवितेच्या ओळींनी चित्रं काढणार."

"काढ," त्या म्हणाल्या. "पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी नावं ठेवली, तर तुझी कवितांची वही माळ्यावर जाईल."

वही माझा जीव की प्राण. तरी भीती अशी वाटली नाही, कारण आपल्याला काय येतं हे मला ठाऊक होतं. लोणावळ्याचा वारा रांगोळी टिकू देत नाही, म्हणून अंगण सारवलं आणि ओलं असतानाच बसले. शंखाच्या तोंडाशी टपोरी अक्षरं, वेढ्यावेढ्याला बारीक होत गेलेली. झोपाळ्याची एक दोरी वरून खाली, 'सासरी येते, येते, येते'. दुसरी, 'माहेरी जाते, जाते, जाते'. मधल्या फळीवर, 'बसू कधी?' उत्तम झालं होतं. आजही तसंच म्हणेन.

चूक एकच झाली. फाटकापासून ओटीपर्यंत मी पाऊल ठेवायला जागा सोडली नाही. अक्षर म्हणजे सरस्वती. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारी आम्ही माणसं. संध्याकाळी बायका आल्या आणि फाटकातच थबकल्या. ओटीवर आंब्याची डाळ, पन्हं तयार आणि पाहुण्या रस्त्यावर!

"केरसुणी आण आणि पूस ते," सासूबाई कडाडल्या.

"सरस्वतीवर केरसुणी? मी नाही फिरवायची." माझी जीभ तेव्हाही तिखटच होती.

तिकोणा पेठ गावाहून आमच्याकडे कैऱ्या आणणारी मावशी टोपली घेऊन त्या बायकांमागे उभी होती. "आमाला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली, "पर झोपाळा कळतुया. काय लिवलंय तितं?"

मी ओटीवरून मोठ्यानं वाचलं. येते-जातेला बायका हसल्या. मग फळीवरचं वाचलं.

"व्हय गं बाई," मावशी म्हणाली. भिंतीलगत वीतभर कड कोरी राहिली होती, ती माझ्याही ध्यानात नव्हती. टोपली सावरत ती त्या कडेनं आडवी चालत आली. मग बाकीच्या, लुगडी उचलून, वाकून वाचत वाचत. नावं कुणी ठेवली नाहीत. दोघीतिघींनी फळीवरचं परत वाचायला लावलं.

सगळ्या गेल्यावर सासूबाई अंगणात उतरल्या. त्यांनाही वाचता येत नसे. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "यात मी कुठे आहे?"

खोटं बोलवेना. "तुम्ही नाही," मी म्हटलं, आणि मला फार ओशाळं वाटलं.

त्यांनी रांगोळीची वाटी उचलून माझ्या हातात दिली.

"मग त्या फळीवर मला लिही," त्या म्हणाल्या. "माझंही बसायचं राहिलंय."